सिंकखालचं पाणी कुठं जातं?

ताई, मावशी, वहिनी, आणि भाकरी थापता थापता रेडिओचा आवाज मोठा करायला सांगणाऱ्या आज्जी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आम्ही बचत गटाच्या बैठकांना वाडीवस्तीवर जातो, तेव्हा हप्ते आणि कर्जाचं बोलणं झालं की चहा होतो. कप विसळायला ओट्याकडे गेलं की मागून आवाज येतो, "ताई, तिथं नका ओतू, तुंबलंय." नाहीतर, "खाली बादली ठेवलीय, पायानं लवंडेल, बघा." हे इतक्या घरांत ऐकलं की आज त्याच विषयावर बोलायचं ठरवलं. आजचा विषय आहे स्वयंपाकघरातलं सिंक, त्याच्या खालचे पाइप, आणि त्यातून जाणारं पाणी.

पूर्वी आपल्या घरात मोरी होती. भांडी अंगणात नाहीतर परसात, राखेनं आणि काथ्यानं घासायची. पाणी उघड्यावरून वाहायचं, अळवाच्या आळ्यात जायचं. कुठं अडलं तर डोळ्यांना दिसायचं, काठीनं मोकळं करता यायचं. आता घरकुलं झाली, ओटे झाले, ओट्यात स्टीलचं सिंक बसलं. उभ्यानं भांडी घासता येतात, कंबर वाचते, हे चांगलंच झालं. पण पाणी जायची वाट झाकली गेली. गवंडी आला, प्लंबर आला, काम करून गेला. कुठला पाइप कुठं जातो हे त्यांनी घरातल्या कारभाऱ्याला सांगितलं असेल, भांडी घासणारीला कुणी सांगितलं नाही. आणि तुंबलं की त्याच पाण्यात हात घालून उभी राहते ती मात्र तीच. तालुक्याच्या गावाहून प्लंबर यायला चार दिवस लागतात. ते चार दिवस ती खरकटं पाणी बादलीनं बाहेर नेऊन ओतत असते.

तर आमचं म्हणणं एवढंच आहे. सिंकखाली जे आहे ते अवघड नाही. शिलाई मशीनची दोरी ओवणाऱ्या, गॅसच्या टाकीला रेग्युलेटर लावणाऱ्या बाईला ते नक्की जमतं. त्यातली चारपाच कामं प्रत्येकीला यावीत, आणि उरलेल्या कामासाठी कुणाला बोलवायचं, त्यानं काय केलं, हे आपल्याला कळावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. सिंकला पाण्याच्या दोन वाटा आहेत. एक येणाऱ्या पाण्याची, दुसरी जाणाऱ्या पाण्याची. येणारं पाणी दाबानं येतं, टाकीच्या उंचीमुळं किंवा नळयोजनेच्या जोरामुळं. म्हणून त्या वाटेवर बारीकशी फट असली तरी पाणी गळतं, आणि कॉक बंद केल्याशिवाय थांबत नाही. जाणाऱ्या पाण्याला कुणी ढकलत नाही. ते नुसत्या उतारावर जातं. म्हणून त्या वाटेवर तुंबणं होतं, वास येतो, आणि सांधा सुटला तर फक्त पाणी ओतलं तेवढंच गळतं.

एवढ्यावरूनच तुम्हाला अर्धा रोग ओळखता येईल. सिंकखाली ओल दिसली की जुना वर्तमानपत्राचा कागद खाली पसरा, नळ बंद ठेवा आणि रात्रभर सिंकमध्ये पाणी ओतू नका. सकाळी कागद भिजलेला असेल, तर गळती येणाऱ्या पाण्याची आहे. कागद कोरडा राहिला आणि भांडी घासायला घेतल्यावर भिजला, तर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात गडबड आहे.

आता आज घरी गेल्यावर करायचं पहिलं काम. सिंकखाली वाकून बघा. नळाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी भिंतीत एक छोटा कॉक असतो. दुकानदार त्याला अँगल कॉक म्हणतात. तो फिरवून बंद होतो का बघा. तिथं कॉक नसेल, तर टाकीपासून येणाऱ्या पाइपावर मोठा कॉक कुठं आहे ते घरात विचारा. तो सापडला की घरातल्या सगळ्यांना दाखवा, मुलांनाही. पाइप फुटला तर आधी धावायचं ते त्या कॉककडे. आणि महिन्यातून एकदा तो बंद करून पुन्हा उघडायचा. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं कॉक जाम होतात, आणि गरज पडते त्याच दिवशी फिरत नाहीत.

आता जाणाऱ्या पाण्याची वाट वरून खाली बघू. सिंकच्या भोकात जाळी असते. जाळीखाली जो गोल जोड असतो त्याला वेस्ट कपलिंग म्हणतात. त्याला पाइप जोडलेला असतो. काही घरांत तो घडीघडीचा, वाकणारा पांढरा पाइप असतो, काही घरांत कडक पाइप. आणि त्या वाटेत कुठंतरी एक वाक असतो, किंवा बाटलीसारखा एक डबा असतो. तो डबा म्हणजे बॉटल ट्रॅप.

हा वाक कशासाठी? पाणी सरळ खाली गेलं असतं तर लवकर गेलं असतं ना? पण त्या वाकात थोडं पाणी कायम अडून राहतं. ते पाणी झाकणाचं काम करतं. गटाराचा वास त्या पाण्यातून वर येत नाही, झुरळ येत नाही. भांडी घासली की जुनं पाणी पुढं जातं, नवीन तिथं थांबतं. झाकण आपोआप बदललं जातं. ही युक्ती २५० वर्षांची आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली अशा वाकाचं पेटंट घेतलं, ते शौचकुपासाठी. तीच युक्ती पुढं सिंकखाली आली. आणि गंमत म्हणजे आपल्या देशातले प्लंबर फरशीतल्या अशा सापळ्याला आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. तो शब्द आपल्या न्हाणीचाच!

आता तुमच्या घरी बघा. घडीचा पाइप सरळ खाली जाऊन फरशीच्या भोकात नुसता खोचलेला आहे का? तसं असेल, आणि पुढंही कुठं वाक नसेल, तर घरात वास येणारच. उदबत्ती लावून तो जात नाही. उपाय दोन. एक, दुकानातून बॉटल ट्रॅप आणून बसवायचा. दुसरा, त्याच घडीच्या पाइपाला खाली झोळीसारखा वाक द्यायचा आणि तो वाक तसाच राहील असा तारेनं किंवा पट्टीनं बांधायचा. आणि पाइप भोकात शिरतो तिथली मोकळी जागा रबरी रिंग घालून बंद करायची. चिंधी कोंबू नका, ती कुजते आणि झुरळांना घर होते.

आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आलात, यात्रेला गेलात, तर उन्हाळ्यात वाकातलं पाणी आटतं. घरात शिरताच वास येतो. घाबरायचं नाही. प्रत्येक भोकात दोन तांबे पाणी ओता, झाकण पुन्हा बसलं.

आता तुंबण्याकडे येऊ. सिंक कशानं तुंबतं? बहुतेक वेळा आपल्याच हातानं. तेल आणि तूप गरम असताना पाण्यासारखं वाहतं, पाइपात गेलं की थंड होतं आणि आतल्या बाजूला चिकटतं. दुधाची साय, वरणाचा गोळा, परातीची कणीक त्यावर बसते. मग चहाची पत्ती आणि भाताची शितं अडकतात. राखेनं भांडी घासत असाल तर राख तळाशी घट्ट बसते. असं थरावर थर चढून पाइपाचं भोक बोटाएवढं उरतं, आणि मग सणाच्या दिवशी, पाहुणे असताना, सिंक भरतं.

म्हणून नियम साधे. कढईतलं तेल ओतायचं नाही. तेलकट भांडं आधी कागदानं किंवा गव्हाच्या कोंड्यानं पुसायचं, मग घासायचं. परातीला चिकटलेली कणीक वाळली की खरवडून काढायची. चहाची पत्ती गाळणीतून थेट झाडाच्या बुंध्याला. ताटातलं खरकटं आधी डब्यात, मग ताट सिंकमध्ये. जाळीवर आणखी एक बारीक स्टीलची वाटीजाळी मिळते, ती ठेवायची. राखेनं घासायची भांडी बाहेरच्या दगडावर घासायची. आणि उकळतं पाणी, भाताची उकळती पेज सिंकमध्ये ओतायची नाही. पांढरे पीव्हीसी पाइप उकळत्या पाण्यानं मऊ पडतात, सांधे ढिले होतात. थंड पाणी मिसळून, कोमट करून ओता. आठवड्यातून एकदा असं कोमट पाणी आणि भांड्याचा साबण सोडलात तर तेलाचा थर धरत नाही.

एवढं करूनही तुंबलं तर? आधी एक तपासणी. फक्त सिंक तुंबलंय, की मोरीतलं पाणीही मागं येतंय? दोन्ही तुंबलं असेल तर दोष सिंकखाली नाही, पुढं बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. तिथं जा. फक्त सिंक तुंबलं असेल तर पुढचं काम करा.

पहिलं, रबरी पंप. काठीला लावलेली रबराची वाटी असते तो. सिंकमध्ये वाटी बुडेल एवढं पाणी राहू द्या. सिंकच्या वरच्या बाजूला जादा पाण्यासाठी भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच जातो. मग वाटी भोकावर बसवून दहा-पंधरा वेळा दाबा आणि ओढा. बऱ्याचदा एवढ्यानंच काम होतं.

नाही झालं, तर ट्रॅप उघडायचा. खाली बादली ठेवा. ट्रॅपचा तळाचा डबा हातानं फिरवा. खालून बघताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की सुटतो. प्लास्टिकच्या चकतीला पाना लावायची घाई नको, तडा जातो. फडकं धरून फिरवलं की हाताची पकड बसते. डबा निघाला की घाण बादलीत पडेल. जुन्या दातांच्या ब्रशनं डबा आतून घासा. आत रबराची रिंग म्हणजे वायसर असतो, तो हरवू नका, आणि चिरलेला असेल तर दुकानात तोच नमुना दाखवून नवीन आणा. वायसर नीट खाचेत बसवून डबा परत हातानं आवळा. मग एक तांब्या पाणी ओता आणि सगळ्या सांध्यांवरून कोरडं बोट फिरवा. बोट कोरडं राहिलं की काम झालं.

आणि हो, डबा खाली काढलेला असताना बादलीतलं पाणी सवयीनं त्याच सिंकमध्ये ओतू नका. हसू नका, शिकवणीच्या वेळी हटकून कुणीतरी ओततंच!

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. तुंबलं की दुकानातून अ‍ॅसिड आणून ओतायचं, ही सवय सोडून द्या. अ‍ॅसिडनं डोळे आणि हात जळतात. आणि त्याच सिंकमध्ये आधी ब्लीचिंगचं पाणी किंवा दुसरं साफ करायचं औषध पडलेलं असेल, तर दोन्ही मिळून विषारी वायू होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. नळ्या मोकळ्या करायची पावडर मिळते, तिच्यात कॉस्टिक असतं. ती पाण्यात पडली की खूप तापते, उसळून अंगावर येते. एक औषध घातल्यावर त्यावर दुसरं कधीच घालायचं नाही. आणि असली बाटली सरबताच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवायची नाही. लहान लेकराचा हात तिथंच पोचतो. ट्रॅप उघडून साफ करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यात जळायचं काही नाही.

आता येणाऱ्या पाण्याची वाट. नळ ठिबकतो. ठिबकू दे, किती जातंय, असं आपण म्हणतो. किती जातं ते मोजूनच बघा. नळाखाली २०० मिलीलिटरचा पेला ठेवा. समजा, तो १५ मिनिटांत भरला. म्हणजे तासाला ४ पेले, दिवसाला ९६ पेले, म्हणजे १९ लिटरच्या वर. एक मोठी बादली भरून! २०१९ साली जल जीवन मिशन आलं, त्यात गावातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. त्या हिशोबानं एका माणसाच्या वाट्याचं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी एका ठिबकणाऱ्या नळानं गेलं. जिथं एक दिवसाआड पाणी येतं, टँकरची वाट बघावी लागते, तिथं ही बादली कुणाच्या डोक्यावरून आली आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

जुन्या पद्धतीचा, चार-पाच वेढे फिरवायचा नळ असेल तर बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. काम असं. कॉक बंद करा. नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या. पान्यानं नळाचा वरचा भाग फिरवून काढा. त्याच्या टोकाला चकतीसारखा वायसर दिसेल. तो दुकानात दाखवून तसाच आणा, बसवा, परत आवळा. अर्ध्या फेरीत बंद होणारा नळ असेल तर त्यात असा वायसर नसतो. आतला अख्खा तुकडा बदलावा लागतो. जुना तुकडा बरोबर घेऊन जा, म्हणजे दुसऱ्या मापाचा गळ्यात पडत नाही.

नळ जिथं पाइपात बसतो तिथून गळत असेल तर पांढरी टेफ्लॉनची टेप लावतात. आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सात-आठ वेढे ताणून द्यायचे. उलटे वेढे दिले तर आवळताना टेप निघून येते. पण लक्षात ठेवा, जिथं रबराचा वायसर आहे तिथं टेपचं काम नाही. तिथं वायसर नीट बसला की पाणी थांबतं. आणि आवळताना हातानं घट्ट झालं की पान्यानं आणखी पाव फेरी. जोर लावून लावून सांधे फुटतात.

याच वाटेवरची आणखी एक गोष्ट, आरोग्याची आहे म्हणून नीट ऐका. नळाला प्लास्टिकची नळी लावून तिचं तोंड बादलीत, पिंपात किंवा भरलेल्या सिंकमध्ये बुडवून ठेवायची आपल्याला सवय आहे. पाणी येत असतं तोवर ठीक. पण पाणी बंद झालं आणि खालच्या आळीत कुणी नळ उघडला, की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि मागून ओढ बसते. त्या ओढीनं तुमच्या बादलीतलं खरकटं पाणी नळीतून पाइपात जातं. दुसऱ्या दिवशी तेच कुणाच्या तरी हंड्यात येतं. म्हणून नळीचं तोंड पाण्यापासून वीतभर वर टांगा. भरून झालं की नळी काढून ठेवा. नळयोजनेच्या पाइपाला थेट मोटर लावली तरी हेच होतं. मोटर पाणी ओढते, आणि पाइपाला कुठं चीर असेल तर बाहेरची घाणही ओढते. भांडण नको म्हणून आपण गप्प बसतो, पण हगवण आळीभर होते.

आता भांडी धुणाऱ्या मशीनबद्दल दोन शब्द. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे लोडशेडिंग, आमच्याकडे कसलं डिशवॉशर! पण आपल्या गटातल्या काही जणी तालुक्याला, शहरात घरकामाला जातात, तिथं हे मशीन असतं. आणि मेस चालवणारे, लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारे गट आम्हाला विचारतात, घ्यावं का? हे मशीन एका बाईनं काढलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात ते मांडलं. सुरुवातीला ते घरांपेक्षा हॉटेलांनीच जास्त घेतलं.

या मशीनलाही त्याच दोन वाटा असतात. एका नळीनं पाणी आत येतं, तापतं, फिरत्या हातांतून भांड्यांवर उडतं. तळाशी जाळी असते. घाण पाणी पंपानं दुसऱ्या नळीतून बाहेर ढकललं जातं, आणि ती नळी बहुतेक वेळा सिंकच्याच पाइपाला जोडतात. म्हणून सिंक तुंबलं की मशीनही तुंबतं. बाहेर जाणारी नळी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच नेऊन, तिथं अडकवून, मग खाली आणायची असते. ती जमिनीवर लोळत असेल तर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये उतरतं. बादलीत बुडलेल्या नळीची गोष्ट सांगितली, तसंच हे.

मशीन हाताळणाऱ्यांनी तळाची जाळी आठवड्याला काढून धुवावी. नेहमीचा भांड्याचा साबण त्यात घालू नये, फेस होऊन बाहेर येतो. पाणी क्षाराचं असेल तर मशीनचं वेगळं मीठ लागतं, खायचं मीठ चालत नाही. लोखंडी तवा, बिडाची कढई, पितळेची आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी त्यात घालू नयेत. गटानं घ्यायचं असेल तर आधी बघा, दाबानं आणि वेळेवर पाणी आहे का, वीज टिकते का, आणि जाणाऱ्या पाण्याची वाट मोकळी आहे का. ही तिसरी गोष्ट दुकानदार विचारत नाही, आपण विचारायची.

आता शेवटची वाट. पाणी घराबाहेर पडलं, पुढं काय? आमच्याकडच्या एका वाडीतली गोष्ट सांगतो. एक घर वर, एक घर खाली. दोन्ही घरांतल्या बायका एकाच गटात. वरच्या घरानं सिंक बसवलं आणि पाणी खालच्या घराच्या अंगणात यायला लागलं. आधी टोमणे, मग भांडण, मग बोलणं बंद. चार महिने बैठकीत एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकीच्या कर्जाचा ठराव आला की दुसरी सही करेना. शेवटी गटातल्या बाकीच्या जणी खोरं आणि घमेलं घेऊन तिथं गेल्या. बघितलं तर शहाबादी फरशीखाली जुना चेंबर होता, राखेनं आणि तेलकट गाळानं काठोकाठ भरलेला. पाणी त्यावरून वाहत होतं. तो साफ केला, बांधाच्या कडेला शोषखड्डा खणला, दोन्ही घरांचं पाणी त्यात सोडलं. अंगण आठवड्यात वाळलं. बोलणं सुरू व्हायला त्याहून जास्त दिवस लागले, पण सही मात्र पुढच्याच बैठकीत झाली.

शोषखड्ड्याचं नाव निघालं की नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचं उदाहरण सांगावं लागतं. हिमायतनगर तालुक्यातल्या या गावानं घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं संपवली आणि डास हटवले. बाहेरची गावं ते बघायला जायला लागली. पद्धत साधी आहे. साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची किंवा प्लास्टिकची टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण. पाणी टाकीत पडतं, भोकांतून दगडांत जातं आणि जमिनीत मुरतं. घर मोठं असेल, जमीन चिकणमातीची असेल, तर खड्डा मोठा लागतो. विहिरीच्या, बोअरच्या जवळ खड्डा घ्यायचा नाही. रोजगार हमीतून पुष्कळ गावांत असे खड्डे झाले आहेत. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

खड्डा बुजतो तो तेलानं आणि गाळानं. म्हणून खड्ड्याच्या आधी छोटा चेंबर हवा. त्यात गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, आणि मधलं पाणी पुढं जातं. महिन्यातून एकदा त्याचं झाकण उघडून वरचं तेल आणि खालचा गाळ काढायचा. जागा असेल तर थोडं पाणी केळीला, अळवाला, कर्दळीला सोडा. कोथिंबीर, मेथी, मुळा अशी कच्ची खायची भाजी मात्र त्या पाण्यावर लावू नका.

आणि डासांचं लक्षात ठेवा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, म्हणजे ठिबकणाऱ्या नळाखालच्या भांड्यातही. हत्तीरोग पसरवणारा डास गटाराच्या घाण पाण्यात होतो. म्हणून आठवड्यातला कोरडा दिवस पाळताना पिंपाबरोबर सिंकखालचं तसराळंही कोरडं करा.

आता गटानं काय करायचं ते सांगतो. प्रत्येक घराला हत्यारं घ्यायची गरज नाही. गटात एक पेटी ठेवा. त्यात एक फिरता पाना, एक पकड, स्क्रू ड्रायव्हर, रबरी पंप, टेफ्लॉन टेप, दोन-चार मापांचे वायसर, हातमोजे आणि एक टॉर्च. पेटी कुणाकडे आहे ते वहीत लिहा, नेणारीची सही घ्या, जशी आपण पातेली आणि सतरंज्यांची घेतो. दोघींनी आधी शिकायचं आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन तिच्याच हातून ट्रॅप उघडून घ्यायचा. बघून येत नाही, हातानं येतं. ज्या दोघींना आवड लागेल त्यांनी आयटीआयमध्ये प्लंबरच्या शिक्षणाची चौकशी करावी. त्या शेजारच्या वाडीवर कामाला गेल्या तर त्यांनी मजुरी घ्यावी. बाई शेजारधर्म म्हणून करते आणि गडी पैसे घेतो, हे आता पुरे.

जल जीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं आहे. छोट्या पेटीतल्या औषधानं त्या पाण्यातला दोष सांगतात. येणारं पाणी आपण तपासायला शिकलो, आता जाणाऱ्या पाण्याची वाटही शिकून घेऊ.

पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी बघून या. तुमच्या घरचा बंद करायचा कॉक कुठं आहे. सिंकखाली वाक आहे की पाइप सरळ गेलाय. आणि तुमचं पाणी शेवटी कुठं पडतं, तुमच्या जागेत की दुसऱ्याच्या दारात. तिन्ही उत्तरं वहीत लिहू, म्हणजे कामाला कुठून सुरुवात करायची ते आपोआप ठरेल.

चला, भाकरी करपत असेल. नमस्कार.